पांडा एक्सप्रेस

पांडा एक्सप्रेस ही अमेरिकन-चिनी पद्धतीचे खाद्यपदार्थ विकणारी अमेरिकेतील फास्ट फूड उपाहारगृहांची साखळी आहे. तिची पहिली शाखा इ.स. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील ग्लेंडेल शहराच्या ‘ग्लेंडेल गॅलरिया’ या मॉलमधील फूड कोर्टमध्ये सुरू झाली. अँड्र्यू चेंग आणि पेगी चेंग हे स्थलांतरित दांपत्य तिचे संस्थापक आहे. साखळीची मालकी ‘पांडा रेस्टॉरंट ग्रुप’ या खासगी कौटुंबिक कंपनीकडे असून तिचे मुख्यालय लॉस एंजेलस काउंटीतील रोझमीड येथे आहे. पांडा एक्सप्रेसच्या जगभरात २,००० हून अधिक शाखा असून त्यांपैकी बहुतांश अमेरिकेत आहेत. शाखांच्या संख्येच्या दृष्टीने ती अमेरिकेतील सर्वांत मोठी चिनी खाद्यपदार्थांची साखळी आहे. ‘ऑरेंज चिकन’ हा तिचा सर्वाधिक खपाचा पदार्थ होय.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियात सोन्याचा शोध लागल्यानंतर दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातून मोठ्या संख्येने मजूर अमेरिकेत आले. खाणींमध्ये आणि रेल्वेमार्गाच्या बांधणीत काम करणाऱ्या या मजुरांसाठी सान फ्रान्सिस्को व इतर शहरांत चिनी खाणावळी निघाल्या. पुढे चिनी लोकांविरुद्ध द्वेषभावना वाढत गेली आणि इ.स. १८८२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने चिनी बहिष्करण कायदा संमत केला. या कायद्याने चिनी मजुरांच्या प्रवेशावर बंदी घातली. व्यापाऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. इ.स. १९१५ मधील एका न्यायालयीन निकालानंतर काही अटींवर उपाहारगृहाच्या मालकांनाही व्यापारी मानले जाऊ लागले. त्यामुळे उपाहारगृह काढणे हा अमेरिकेत राहण्याचा आणि नातलगांना तेथे आणण्याचा एक कायदेशीर मार्ग ठरला. अमेरिकेतील चिनी उपाहारगृहांच्या वाढीमागे खवय्यांच्या आवडीबरोबरच हेही एक कारण होते.

बहिष्करण कायदा इ.स. १९४३ मध्ये रद्द झाला. परंतु त्यानंतरही चिनी स्थलांतरितांसाठी वर्षाला केवळ १०५ जागांचा कोटा ठेवण्यात आला. इ.स. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने ही देशनिहाय कोट्याची पद्धत मोडीत काढली. त्यानंतर तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशियातून आलेल्या चिनी वंशाच्या लोकांत उच्चशिक्षितांचे प्रमाण मोठे होते. त्यांच्याबरोबर हुनान, सिचुआन, च्यांगसू अशा इतर प्रांतांतील पाकपद्धतीही अमेरिकेत आल्या. तोपर्यंत अमेरिकन ग्राहकाला चिनी जेवण म्हणजे प्रामुख्याने कँटोनी वळणाचे चॉप सुई व चाउ मेन एवढेच ठाऊक होते. फेब्रुवारी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी चीनला दिलेल्या भेटीची दृश्ये दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचली आणि चिनी जेवणाविषयीचे कुतूहल आणखी वाढले.

संस्थापक

अँड्र्यू चेंग यांचा जन्म इ.स. १९४८ मध्ये चीनच्या च्यांगसू प्रांतातील यांगचौ येथे झाला. त्यांचे वडील मिंग-त्साय चेंग हे व्यवसायाने आचारी होते. कुटुंब प्रथम तैवानला व नंतर वडिलांच्या नोकरीनिमित्त जपानमधील योकोहामा येथे गेले. इ.स. १९६६ मध्ये अँड्र्यू शिक्षणासाठी अमेरिकेत आले. कॅन्सस राज्यातील बेकर विद्यापीठातून गणिताची पदवी घेतल्यावर त्यांनी मिसूरी विद्यापीठात उपयोजित गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतले.

पेगी चेंग यांचा जन्म ब्रह्मदेशात (आताचा म्यानमार) झाला व त्या हाँगकाँगमध्ये वाढल्या. बेकर विद्यापीठात शिकत असताना त्यांची अँड्र्यू यांच्याशी ओळख झाली. पुढे त्यांनी मिसूरी विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर त्यांनी मॅकडॉनल डग्लस या विमाननिर्मिती कंपनीसह अन्यत्र संगणकप्रणाली तयार करण्याचे काम केले. इ.स. १९८२ मध्ये ती नोकरी सोडून त्या कुटुंबाच्या उपाहारगृह व्यवसायात आल्या.

इतिहास

पांडा इन

शिक्षण संपल्यावर अँड्र्यू चेंग लॉस एंजेलस येथे एका नातलगाच्या उपाहारगृहात व्यवस्थापनाचे काम पाहू लागले. इ.स. १९७३ मध्ये त्यांनी वडिलांच्या साथीने पॅसाडीना शहरात ‘पांडा इन’ हे उपाहारगृह सुरू केले. मिंग-त्साय स्वयंपाकघर सांभाळत, तर अँड्र्यू ग्राहकांची व्यवस्था पाहत. पांडा इन हे टेबलावर वाढप होणारे, निवांत बसून जेवण्याचे ठिकाण होते आणि तेथे मँडरिन व सिचुआन वळणाचे पदार्थ मिळत. इ.स. १९८२ च्या सुमारास ग्लेंडेल येथेही पांडा इनची शाखा निघाली.

फूड कोर्टमधील प्रारंभ

इ.स. १९७० च्या दशकात अमेरिकेतील मॉलमध्ये फूड कोर्ट ही कल्पना रुजू लागली. न्यू जर्सी राज्यातील पॅरामस पार्क या मॉलमध्ये इ.स. १९७४ मध्ये सुरू झालेले फूड कोर्ट हे या प्रकारातील पहिल्या यशस्वी उदाहरणांपैकी एक मानले जाते. एकाच दालनात अनेक विक्रेत्यांचे छोटे गाळे आणि मध्यभागी सर्वांसाठी सामाईक टेबल-खुर्च्या अशी ही रचना असते. कुटुंबातील प्रत्येकाला वेगवेगळ्या गाळ्यांवरून आपापल्या आवडीचा पदार्थ घेऊन एकत्र बसता येते. विक्रेत्याला बसण्याच्या जागेचा व वाढप्यांचा खर्च वेगळा करावा लागत नाही.

ग्लेंडेल गॅलरिया हा मॉल इ.स. १९७६ मध्ये सुरू झाला होता. पांडा इनमध्ये जेवायला येणाऱ्या त्याच्या विकासकांनी, पांडा इनचीच लहान व जलद आवृत्ती मॉलच्या फूड कोर्टमध्ये काढावी असे चेंग यांना सुचवले. त्यानुसार इ.स. १९८३ मध्ये पहिले पांडा एक्सप्रेस सुरू झाले. बर्गर व पिझ्झा विकणाऱ्या गाळ्यांच्या रांगेत भात, नूडल्स आणि कढईत परतलेल्या भाज्या व मांस तेवढ्याच झटपट देता येतात हे या प्रयोगाने दाखवून दिले.

विस्तार

सुरुवातीच्या काळात साखळीचा विस्तार मुख्यतः मॉलमधील फूड कोर्टमधूनच झाला. पुढे विमानतळ, विद्यापीठे, क्रीडांगणे, लष्करी तळ आणि सुपरमार्केट अशा ठिकाणीही शाखा उघडण्यात आल्या. या वाढीत पेगी चेंग यांच्या संगणकशास्त्रातील अनुभवाचा मोठा वाटा होता. कोणता पदार्थ किती खपतो, कोणत्या वेळी गर्दी होते, माल किती उरतो याची संगणकीकृत नोंद ठेवण्याची व्यवस्था त्यांनी उभी केली. लहान उपाहारगृहांचे हिशेब त्या काळी बहुधा वहीत व मालकाच्या अंदाजावर चालत. त्या पार्श्वभूमीवर या नोंदींमुळे दूरच्या शाखांवरही एकाच ठिकाणाहून लक्ष ठेवणे शक्य झाले.

इ.स. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मॉलबाहेर स्वतंत्र इमारतीतील शाखा आणि गाडीत बसूनच खरेदी करता येणाऱ्या ‘ड्राइव्ह-थ्रू’ खिडक्या यांवर कंपनीने भर दिला. एकविसाव्या शतकात ऑनलाइन खरेदीमुळे अमेरिकेतील अनेक मॉल ओस पडले, काही बंदही झाले. केवळ फूड कोर्टवर अवलंबून असलेल्या साखळ्यांना त्याचा फटका बसला. पांडा एक्सप्रेसच्या शाखा तोपर्यंत रस्त्यांलगतही पसरलेल्या असल्याने तिची वाढ चालू राहिली.

अमेरिकेबाहेर मेक्सिको (इ.स. २०११), कॅनडा, दक्षिण कोरिया, जपान, संयुक्त अरब अमिराती व सौदी अरेबिया या देशांत साखळीच्या शाखा निघाल्या. फिलिपिन्समध्ये ‘जॉलिबी’ या तेथील फास्ट फूड कंपनीबरोबरच्या भागीदारीतून इ.स. २०१९ मध्ये पहिली शाखा सुरू झाली.

कार्यपद्धती

पांडा एक्सप्रेसच्या गाळ्यात दर्शनी भागी वाफेवर गरम ठेवलेल्या धातूच्या पसरट भांड्यांची रांग असते. ग्राहक काचेपलीकडील पदार्थ पाहून निवड करतो आणि कर्मचारी ते पळीने वाढून देतो. मागील बाजूस खुल्या स्वयंपाकघरात आचारी मोठ्या आचेवर ‘वोक’ या खोलगट चिनी कढईत पदार्थ परततात. भांड्यातील पदार्थ संपत आला की नवी खेप तयार केली जाते. एका वेळी थोड्या प्रमाणात शिजवणे हे या पद्धतीचे सूत्र आहे, कारण परतलेल्या भाज्या व तळलेले मांस वाफेवर फार काळ राहिल्यास मऊ पडते. फूड कोर्टमधील शाखांत ये-जा करणाऱ्यांना काडीला टोचलेला चिकनचा तुकडा चवीसाठी देण्याची प्रथाही रूढ झाली. चिनी पदार्थांची नावे अनोळखी असलेल्या ग्राहकाला गाळ्यापाशी थांबवण्यास ती उपयोगी पडली.

जेवणाची किंमत पदार्थागणिक न ठरता ताटाच्या आकारावर ठरते. ‘बोल’मध्ये एक मूळ पदार्थ (भात, नूडल्स किंवा भाज्या) व एक मुख्य पदार्थ, ‘प्लेट’मध्ये दोन मुख्य पदार्थ, तर ‘बिगर प्लेट’मध्ये तीन मुख्य पदार्थ मिळतात. काही महागड्या पदार्थांसाठी जादा आकार घेतला जातो.

बहुतेक फास्ट फूड कंपन्या फ्रँचायझी देऊन वाढतात. पांडा एक्सप्रेसच्या अमेरिकेतील बहुतांश शाखा मात्र कंपनीच्याच मालकीच्या आहेत. विमानतळ, विद्यापीठे अशा मोजक्या ठिकाणी परवाना पद्धतीने शाखा चालवल्या जातात. कंपनीचे समभाग शेअर बाजारात नोंदवलेले नाहीत. पांडा इन तसेच जपानी पदार्थांची ‘हिबाची-सान’ ही साखळीदेखील याच समूहाच्या मालकीची आहे.

खाद्यपदार्थ

ऑरेंज चिकन

ऑरेंज चिकन हा पदार्थ कंपनीचे आचारी अँडी काओ यांनी इ.स. १९८७ मध्ये हवाई राज्यात काम करत असताना तयार केला. पिठात घोळवून कुरकुरीत तळलेले चिकनचे तुकडे आंबट-गोड, किंचित तिखट आणि संत्र्याच्या स्वादाच्या रसात घोळवून तो केला जातो. सुरुवातीला त्यात हाडासह चिकन वापरले जाई. पुढे हाडे काढलेले मांस वापरण्यात येऊ लागले. कंपनीच्या विक्रीत या एका पदार्थाचा वाटा सुमारे एक तृतीयांश असल्याचे सांगितले जाते.

चिनी पाककलेत वाळवलेल्या संत्रावर्गीय फळाच्या सालीचा (चेनपी) वापर जुना असून हुनान व सिचुआन प्रांतांत ती घालून केलेले मांसाचे पदार्थ प्रसिद्ध आहेत. त्यांची चव मात्र कडवट, तिखट व सुगंधी असते. ऑरेंज चिकनमधील गोडवा आणि जाड कुरकुरीत आवरण ही अमेरिकन आवडीनुसार पडलेली भर आहे. ‘जनरल त्सो चिकन’ या अमेरिकेतील दुसऱ्या लोकप्रिय पदार्थाशी त्याचे जवळचे नाते आहे. तो पदार्थ मूळचे हुनानचे व नंतर तैवानमध्ये स्थायिक झालेले आचारी पेंग चांग-क्वेई यांनी इ.स. १९५० च्या दशकात तयार केला आणि इ.स. १९७० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये त्याला गोड रूप मिळाले.

इतर पदार्थ

मूळ पदार्थांत पांढरा भात, फ्राइड राइस, चाउ मेन व परतलेल्या हिरव्या भाज्या असतात. मुख्य पदार्थांत शेंगदाणे व सुक्या मिरच्या घातलेले कुंग पाओ चिकन, ब्रोकोली बीफ, बीजिंग बीफ, मशरूम चिकन, तसेच मध व अक्रोड वापरून केलेली कोळंबी (हनी वॉलनट श्रिंप) यांचा समावेश होतो. जोडीला स्प्रिंग रोल व क्रीम चीज भरलेले रंगून मिळतात. जेवणासोबत चिठ्ठी दडवलेले ‘फॉर्च्यून कुकी’ हे बिस्कीट दिले जाते. चिनी उपाहारगृहांची खूण बनलेले हे बिस्कीट चीनमधील नसून त्याचे मूळ जपानमध्ये आहे.

इ.स. २०२१ मध्ये ‘बियाँड मीट’ या कंपनीच्या सहकार्याने ऑरेंज चिकनची वनस्पतिजन्य आवृत्ती निवडक शहरांत विक्रीस आणण्यात आली. शाकाहारी ग्राहकांच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, स्वयंपाकघरातील कढया व तेल सामाईक असल्याने आपले पदार्थ काटेकोरपणे शाकाहारी असल्याची हमी कंपनी देत नाही.

पोषणमूल्य

तळलेले मांस व गोड रस यांमुळे साखळीतील अनेक पदार्थांत उष्मांक, साखर आणि सोडियम यांचे प्रमाण अधिक असते. ऑरेंज चिकनच्या एका वाढपात सुमारे ५०० कॅलरी असतात. त्याला चाउ मेन किंवा फ्राइड राइसची जोड दिल्यास एका जेवणाचे उष्मांक १,००० च्या आसपास जातात. वीस वा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांनी पदार्थांच्या यादीवर कॅलरी नमूद करणे अमेरिकेत मे २०१८ पासून बंधनकारक आहे. भाज्यांचे प्रमाण अधिक आणि उष्मांक कमी असलेले पदार्थ कंपनीने यादीत वेगळे दर्शवले आहेत.

इ.स. १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पत्रानंतर चिनी जेवणातील मोनोसोडियम ग्लुटामेट (अजिनोमोटो) प्रकृतीस अपायकारक असल्याचा समज पसरला. नंतरच्या संशोधनातून सर्वसाधारण प्रमाणातील वापराबाबत या समजाला पुष्टी मिळाली नाही. तरीही चिनी उपाहारगृहांवरील हा डाग बराच काळ टिकला. पांडा एक्सप्रेस आपल्या पदार्थांत वरून अजिनोमोटो घालत नसल्याचे सांगते.

कामगार व व्यवस्थापन

साखळीत ४०,००० हून अधिक लोक काम करतात. कर्मचाऱ्यांच्या व्यक्तिमत्त्व विकासावर संस्थापकांचा भर असून स्टीफन कोवी यांच्यासारख्या लेखकांची पुस्तके वाचण्यास व्यवस्थापकांना प्रोत्साहन दिले जाते. इ.स. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘पांडा केअर्स’ या उपक्रमाद्वारे मुलांच्या आरोग्य व शिक्षणासाठी निधी दिला जातो.

इ.स. २०१७ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने स्थलांतरित कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांसंबंधी कंपनीविरुद्धचे प्रकरण तडजोडीने मिटवले. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या कर्मचाऱ्यांच्या कार्डाची मुदत संपल्यावर त्यांना काम करण्याचा हक्क पुन्हा सिद्ध करण्यास सांगितले जात होते, अमेरिकन नागरिकांकडून मात्र तशी अपेक्षा केली जात नव्हती, असा खात्याच्या चौकशीचा निष्कर्ष होता. कायद्यानुसार असा भेद करता येत नाही. तडजोडीनुसार कंपनीने ६ लाख डॉलर दंड भरण्याचे आणि वेतन बुडालेल्या कर्मचाऱ्यांसाठी २ लाख डॉलरचा निधी ठेवण्याचे मान्य केले. स्थलांतरितांनी उभारलेल्या कंपनीत हा प्रश्न उद्भवल्यामुळे हे प्रकरण विशेष लक्षवेधी ठरले.

देशभरात किमान ६० शाखा असलेल्या फास्ट फूड साखळ्यांना कॅलिफोर्नियातील कामगारांसाठी १ एप्रिल २०२४ पासून ताशी २० डॉलर किमान वेतन लागू झाले. पांडा एक्सप्रेस या तरतुदीच्या कक्षेत येते.

सांस्कृतिक महत्त्व व टीका

पांडा एक्सप्रेसचे पदार्थ ‘अस्सल चिनी’ नाहीत ही तिच्यावरील नेहमीची टीका आहे. गोडवा, तळण आणि हाडांविरहित मांस यांवरील भरामुळे चिनी पाककलेतील प्रादेशिक वैविध्य झाकोळले जाते आणि अमेरिकन ग्राहकाच्या मनात तिची एकसाची प्रतिमा ठसते, असे टीकाकार म्हणतात. कुटुंबाने चालवलेल्या छोट्या चिनी उपाहारगृहांना मोठ्या साखळीशी स्पर्धा करणे अवघड जाते, हाही आक्षेप घेतला जातो.

याउलट काही अभ्यासक अमेरिकन-चिनी पाककलेला मूळ पाककलेची बिघडलेली नक्कल न मानता स्वतंत्र पाकपरंपरा मानतात. पत्रकार जेनिफर ८. ली यांनी ‘द फॉर्च्यून कुकी क्रॉनिकल्स’ (इ.स. २००८) या पुस्तकात अमेरिकेतील चिनी खाद्यपदार्थांचा असाच मागोवा घेतला आहे. या मतानुसार मिळेल त्या साहित्यात आणि गिऱ्हाइकाच्या चवीनुसार पदार्थ घडवणे ही स्थलांतरितांच्या उपजीविकेची गरज होती आणि तिच्यातूनच नवी परंपरा जन्मली. संस्थापकांनीही आपल्या साखळीचे वर्णन अमेरिकन-चिनी असेच केले आहे.

चिनी पाककलेचे असे स्थानिकीकरण अन्य देशांतही झाले आहे. पेरूमध्ये ‘चिफा’ ही चिनी-पेरूवी पाकपद्धती विकसित झाली. भारतात कोलकाता येथील हक्का चिनी समाजाने भारतीय-चिनी पाककलेचा पाया घातला, तर मंचुरियन या पदार्थाचे श्रेय सामान्यतः मुंबईतील आचारी नेल्सन वाँग यांना दिले जाते. ऑरेंज चिकनप्रमाणेच मंचुरियनही मूळ चीनमध्ये आढळत नाही.

समकक्ष साखळ्या

उत्तर अमेरिकेतील मॉलमध्ये चिनी पदार्थ विकणाऱ्या इतर साखळ्यांत ‘मांचू वोक’ ही उल्लेखनीय आहे. तिची स्थापना इ.स. १९८० मध्ये कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील पीटरबरो येथे झाली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ‘लीअ‍ॅन चिन’ ही साखळीही त्याच वर्षी सुरू झाली. अनेक मॉलमध्ये साखळीशी संबंध नसलेले स्वतंत्र चिनी गाळेही वाफेवरील भांड्यांची हीच पद्धत वापरतात.

हे सुद्धा पहा

अमेरिकन-चिनी पाककला
भारतीय-चिनी पाककला
चिनी बहिष्करण कायदा
जनरल त्सो चिकन
फूड कोर्ट